पाचवीच्या यादीत नसलेली मुलगी

शहाद्याजवळच्या त्या शाळेत रुपा रोज सगळ्यांच्या आधी यायची आणि पाचवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर एकटी बसायची. तिचे आईबाप, नानीबाई आणि गोवाल, सातपुड्यातून लोणखेड्याला शेतमजुरीला आले होते. जुन्या शाळेचा दाखला आणल्याशिवाय नाव लागणार नाही, तोवर नुसतं बसू द्या, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं. गोवाल दोनदा डोंगरात जाऊन आला. दोन्ही वेळा शाळेला कुलूप. जुलै सरला.

गायत्री मॅडम हजेरी घेत, तेव्हा रुपाचं नाव यायचं नाही. तिला पुस्तकं मिळाली नाहीत, तिची वही कुणी तपासली नाही. घरी पावरी बोलणाऱ्या त्या पोरीला वर्गातली अहिराणी अर्धीच कळे, मॅडमची मराठी त्याहून कमी. मधल्या सुट्टीत ती भिंतीला टेकून इतरांचे खेळ पाही. घरी आईनं विचारलं, तर शाळा चांगली आहे, एवढंच सांगे.

ऑगस्टात गणवेशाची मापं घ्यायला गुलशनबी आल्या. शिवणकाम करणाऱ्या या बाई शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षही होत्या. यादीतली नावं संपली. टेप गुंडाळून त्या वळल्या, तर समोर एक मुलगी माप द्यायला ताठ उभी.

"तुन्हं नाव काय शे, बेटा?"

"रुपा."

गुलशनबींनी यादी पुन्हा पाहिली. मॅडम अवघडून म्हणाल्या, "तिचा दाखला आलेला नाही अजून."

"मलाही चौथीतून असंच घरी बसवलं होतं, मॅडम. जन्माचा दाखला नव्हता म्हणून." गुलशनबींचा आवाज चढला नाही. दहा वर्षांत सगळ्या मुलांना मोफत शिक्षण देऊ, असं राज्यघटनेत लिहून तेव्हा तीन दशकं उलटली होती, त्या सांगू लागल्या. शिक्षण हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं म्हणायला १९९३ उजाडलं, घटनेत तो हक्क यायला २००२ आणि कायदा व्हायला २००९. "दाखल्याला उशीर झाला तरी प्रवेश अडवायचा नाही, हे त्याच कायद्यात आहे. माझी शाळा गेली ती गेली. हिची कशाला घालवता?"

गायत्री मॅडमची मान खाली गेली. प्रशिक्षणात हेच कलम त्यांनी स्वतः अधोरेखित केलं होतं! तशाच उठून त्या गुलशनबींबरोबर मुख्याध्यापकांकडे गेल्या. सर कुरकुरले. मग प्रवेश नाकारल्याचं लेखी द्या, असं गुलशनबी म्हणाल्या, तेव्हा सरांनी रजिस्टर उघडलं.

दुसऱ्या दिवशी रुपाचं नाव पुकारलं गेलं. अख्खा वर्ग मागे वळला. रुपा उभी राहिली आणि तशीच खाली बसली. मधल्या सुट्टीत पुन्हा तीच भिंत, तीच एकटी पोर.

ते पाहून गायत्री मॅडम बाहेर आल्या आणि तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. 'ये, बस' हे पावरीत कसं म्हणतात, त्यांनी विचारलं. रुपानं हळूच सांगितलं. मॅडमनी ते चुकीचं उच्चारलं, तेव्हा तिनं मान हलवून पुन्हा सांगितलं. या शाळेत नावापलीकडचं काही तिला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.

मित्रहो, मुलाचं नाव लागावं म्हणून कायदा व्हायलाच साठ वर्षं गेली. नाव लागल्यावर त्या मुलाशी बोलायचं काम आपलं आहे, त्यासाठी कुठल्याही कायद्याची वाट पाहू नका. आपल्या गावच्या शाळेत एकदा जा, आणि शेवटच्या बाकावर कोण बसलंय ते विचारा.