सुधारलेली मिरची

माझी भाची बोलायला लागली तीच तक्रारीने. दूध गरम आहे, उशी टोचते, मावशी झोपली की तिचं नाक वाजतं. म्हणून घरात तिचं नाव मिरची. पंधराव्या वर्षी ती शाळेला दांड्या मारू लागली, एकदा न सांगता दोन रात्री मैत्रिणीकडे राहिली, आणि घरातली दारं इतकी आपटायला लागली की तिच्या आईवडिलांनी तिला बिघडलेल्या मुलांच्या केंद्रात नेऊन ठेवलं. मला कळवलं ते नंतर. आधी कळवलं असतं तर मी काय बोलले असते, हे माझ्या धाकट्या बहिणीला चांगलं ठाऊक होतं.

केंद्र निवडलं मेहुण्यांनी. ते कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. हॉटेलात शिरले की मेनूच्या आधी बाहेर पडायचं दार शोधणारा माणूस. एका लग्नात तर त्यांनी ऐन पंगतीत 'आग, आग' म्हणून ड्रिल घेतलं होतं, हॉल किती वेळात रिकामा होतो ते बघायला. नवरीकडची मंडळी अजून आमच्याशी बोलत नाहीत. तर केंद्राची उंच भिंत आणि कोपऱ्याकोपऱ्यातले कॅमेरे पाहून त्यांचं मन भरून आलं. त्या कॅमेऱ्यांत दिसतं ते बघतं कोण, एवढं विचारायचं राहून गेलं.

भेटीच्या दिवशी मीही सोबत गेले. मुलांना भेटायच्या आधी पालकांचा एक वर्ग असतो. केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात, ते अगदी मऊ आवाजात समजावून सांगत होते.

"मुलं तुम्हाला सांगतील, इथे मारतात, कोंडून ठेवतात. घाबरायचं नाही. ते मूल बोलत नसतं, आजार बोलत असतो. मग एक दिवस मूल म्हणतं, सगळं छान आहे. त्या दिवशी समजायचं, उपचार लागू पडले."

मला राहवलं नाही. "आणि खरोखरच मारलं, तर मुलाने काय म्हणायचं?"

"मावशी, इथे तसं होतच नाही."

"पण समजा झालं."

"दरवर्षी तपासणीला सरकारी साहेब येतात ना! आमचीच गाडी जाते त्यांना आणायला."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं म्हणतात. इथे तर दळणाऱ्याला घरून गाडीने आणून, चहा पाजून आंधळं करत होते. पण पालक माना डोलावत होते. माझी बहीण तर सगळ्यांत जास्त.

मग मिरची आली. इस्त्रीचे कपडे, चापूनचोपून विंचरलेले केस. सर तिच्या खुर्चीमागे उभे.

"कशी आहेस गं?" बहिणीने विचारलं.

"खूप छान. इथे सगळे खूप काळजी घेतात."

बहिणीने डोळ्यांना पदर लावला. मेहुण्यांनी सरांकडे कृतज्ञतेने पाहिलं.

"जेवण?" मी विचारलं.

"छान आहे."

"उशी?"

"छान आहे."

"आणि माझं नाक?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ किंचित हलले. मग तिने मान वळवून सरांकडे बघितलं आणि म्हणाली, "छान आहे, मावशी."

सर म्हणाले, "बघा, किती फरक पडलाय," आणि तिला परत वर पाठवलं.

बाहेर व्हरांड्यात मी बहिणीला धरलं. "हिला आजच्या आज घरी ने."

"ताई, तुला तिचं चांगलं झालेलं बघवत नाही का गं?"

"ही मुलगी घाबरलीय. कळत नाही का तुला?"

"सरांनी सांगितलंच होतं, नातेवाइकांचा जीव कासावीस होतो म्हणून," मेहुणे म्हणाले. "अजून सहा महिने ठेवायला सांगतायत. मी होकार देऊन येतो."

सहा महिने! मी मावशी, माझ्या शब्दाला तिथे काडीची किंमत नव्हती. आईबापांनी नेलं तरच ती सुटणार होती, आणि आईबाप खुशीत होते. शेवटी सुचलं ते बोलले. "द्या होकार. पण भावजी, पोर झोपते ती खोली तरी बघून घ्या. बाहेर पडायला किती दारं आहेत ते."

याला ते नाही म्हणूच शकत नव्हते. आत जाऊन सांगितलं तेव्हा सर जरा कुरकुरले, पण मेहुणे जिना चढूनही गेले होते; मागोमाग सर आणि मी.

वरच्या मजल्यावर बोळाच्या टोकाला खोली. एकच दार. दाराला बाहेरून कडी, आणि कडीला कुलूप. आत मुलं.

"हे कशासाठी?" मेहुण्यांनी विचारलं.

"सुरक्षेसाठी," सर म्हणाले.

मेहुण्यांनी ते कुलूप हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. लेकीकडे त्यांनी इतक्या बारकाईने पाहिलं नव्हतं. "चावी?"

"वॉचमनकडे असते."

"वॉचमन?"

"जेवायला गेला असेल. येईलच."

मेहुण्यांचा चेहरा लाल झाला. लेकीच्या 'छान आहे'ने न हललेला माणूस एका कुलपाने पेटला. त्यांनी दारावर दोन्ही हातांनी धडाधड बुक्के मारले आणि ओरडले, "आग! आग लागली! बाहेर पडा!"

आतून एकही आवाज आला नाही. ना किंकाळी, ना धावपळ. मेहुणे दाराला कान लावून गोंधळून उभे राहिले. त्यांच्या आयुष्यात असं ड्रिल झालं नव्हतं.

खालून वॉचमन घास चावत धावत आला. दोनदा चुकीची चावी लावून एकदाचं कुलूप निघालं.

आत सगळी मुलं भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून, रांगेत उभी होती. दार सताड उघडलं तरी एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

"बघा," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच कौतुक होतं, "आरडाओरडा झाला की काय करायचं, हे न सांगता कळतं त्यांना."

मेहुणे रांगेजवळ गेले. "बाळा, आग लागलीय. चल."

मिरची भिंतीशीच बोलली. "सर, जाऊ का?"

मेहुण्यांनी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. सर मागून सांगत होते, उपचार अर्धवट राहतील, जबाबदारी तुमची. जिन्यातूनच मेहुण्यांनी अग्निशमन दलाला फोन लावला, पत्ता सांगितला आणि म्हणाले, "आत मुलं आहेत. दाराला बाहेरून कुलूप लावतात. लवकर या." ड्रिलं कितीही घेतली, तरी दलाला जन्मात त्यांनी खोटी वर्दी दिली नव्हती, आणि हीही खोटी आहे असं मला वाटलं नाही. दलाच्या साहेबांना आणायला केंद्राची गाडी जाणार नव्हती.

अंगणात बहीण आडवी आली. "अहो, काय केलंत हे? चांगली सुधारत होती!"

मेहुण्यांनी मिरचीचा दंड सोडला. मोकळ्या अंगणाच्या मधोमध ती उभी राहिली, हात आपोआप पाठीमागे गेले. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग अगदी हळू, कुणाला राग येऊ नये अशा बेताने, बापाला विचारलं, "बाबा, इथे तोंड कुठे करायचं?"