डाव्या हाताचं रीळ

“फिरवून तर बघा, मावशी. लोण्यासारखं चालतं.”

दुकानदाराने काचेच्या कपाटातलं मासेमारीचं रीळ काढून तिच्यापुढे ठेवलं. लालभडक रंग, त्यावर सोनेरी पट्टे. मासे धरण्यापेक्षा वरातीत मिरवायला बरं. तिने आपला उजवा हात पाठीमागे नेला, कमरेशी दाबून धरला आणि डाव्या हाताने दांडी फिरवायला लागली.

“उजव्याने फिरवा की. असं अवघडून कशाला फिरवताय?”

“ज्यांना फिरवायचंय त्यांचा उजवा चालत नाही.”

“अरेरे!” दुकानदाराने च् च् केलं आणि त्याच दमात पुढे म्हणाला, “मग तर हेच न्या. आजारी माणसाला रंगीत वस्तू दिली की बरं वाटतं. आत बारा बेअरिंग आहेत, बारा!”

तिने दांडी दोन बोटांत धरून हलवली. दांडी पडायला आलेल्या दातासारखी खुळखुळली. तिने रीळ कानाशी नेलं. आतून करकर ऐकू येत होती.

“बाराच्या बारा भांडतायत वाटतं आत,” ती म्हणाली.

दुकानदार हसला. त्याचे कपडे इस्त्रीचे होते, नखं कापलेली, अंगाला अत्तराचा वास. बोलताना तो तिच्या खांद्यावरून मागे नवं गिऱ्हाईक येतंय का ते बघत होता. “मावशी, खरं सांगू का? त्यांना काय, हातात काहीतरी धरायला पाहिजे. मन रमलं म्हणजे झालं. मासा थोडाच लागणार आहे आता?”

तिला शिसारी आली. तिने रीळ काउंटरवर ठेवलं, हात रुमालाला पुसले आणि ती बाहेर पडली.

किळस ही गोष्ट तिला नवी नव्हती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिची हयात गेली होती. रक्ताच्या चादरी, ओकारीने भरलेल्या उशा, आणखी जे काय माणसाच्या अंगातून बाहेर पडतं ते सगळं तिच्या हाताखालून गेलेलं होतं. नव्याने कामाला लागलेल्या बायका पहिल्या दिवशी नाकाला फडकं लावून उलट्या काढत, तेव्हा ती म्हणायची, “अगं, ही कापडाची घाण. पाण्याने जाते.” तिला मळमळायचं ते वरच्या मजल्यावर, वॉर्डात. म्हातारा अजून खाटेवर श्वास घेतोय आणि लेक-जावई दाराशी त्याच्या घराच्या किल्लीवरून कुजबुजतायत, असं काही दिसलं की तिला दिवसभर जेवण जात नसे.

आणि आता ती घाण तिच्या घरी चालत आली होती.

तिचा नवरा गोदीत क्रेन चालवायचा. उंच केबिनमध्ये एकटा बसून पोलादाचे जडशीळ पेटारे असे अलगद उतरवायचा, की खालचे हमाल म्हणत, हा माणूस अंडीसुद्धा उतरवेल. सुट्टीच्या दिवशी तो तळ्यावर गळ टाकून बसे. ती कधी सोबत गेली नाही. “सहा दिवस वर लटकता, सातव्या दिवशी दोरा लटकवता,” एवढंच म्हणायची. मग एका सकाळी तोंड धुताना तो बेसिनपाशी कोसळला. उजवं अंग गेलं, शब्द गेले. उरले ते “हं” आणि “नको”. त्यातला “नको” जास्त.

तो इस्पितळात असताना त्याचा तळ्यावरचा जोडीदार घरी आला होता. शेजारणीकडून किल्ली मागून घेऊन, “त्याने सांगितलंय” असं म्हणून, तो नवऱ्याचं जुनं, वजनदार, मुलासारखं जपलेलं रीळ घेऊन गेला. ज्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, त्याने सांगितलंय म्हणे!

ती त्याच्या घरी गेली तेव्हा रीळ समोरच्या फळीवरच होतं, नव्या दोऱ्यानं भरलेलं.

“वहिनी, रागावू नका. गंजून गेलं असतं हो. वापरात राहिलेलं बरं. त्याला आता काय उपयोग?”

त्याची बायको दारात उभी राहून पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत होती. तिने मान वर केली नाही.

“मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते, भावजी,” ती जोडीदाराला म्हणाली. “तुम्ही जिवंतपणीच ताट मांडलंत.”

“असं काय बोलता? घेऊन जा मग. घ्या, आत्ता घ्या.”

त्याने रीळ काढून तिच्यापुढे धरलं. त्याचा अंगठा दांडीवर होता, नखात काळा मळ.  तिचा हात पुढे होईना. “राहू दे. तुम्हालाच लागेल,” म्हणून ती जिना उतरली. खाली आल्यावर वाटलं, आपण मूर्खपणा केला. पण परत वर जायला पाय वळले नाहीत.

मुलाला फोन केला. तो दूरच्या शहरात होता. “आई, मी मागवतो ना घरबसल्या. तू कशाला वणवण करतेस? आणि एवढं भारी कशाला पाहिजे? बाबा नुसते धरून तर बसणार.”

खोकं आलं. आतल्या रिळाला जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. तिने ते नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने डाव्या हाताने दांडी धरली, एक फेरा मारला, दुसरा मारला. तिसऱ्याला ‘कट्’ आवाज झाला आणि दांडी त्याच्या मुठीतच राहिली.

तो हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला, मग तो हळूच गादीखाली सरकवला. जणू चूक त्याचीच होती. मग भिंतीकडे तोंड करून पडला.

तिने ते सगळं खोक्यासकट कचऱ्यात टाकलं.  जोडीदार, दुकानदार, पोटचा पोरगा, सगळ्यांचा हिशोब एकच: माणूस अर्धा झाला, मग वस्तूही अर्धीच द्यायची.

म्हणूनच त्या अत्तर लावलेल्या दुकानदाराकडून बाहेर पडून ती आणखी एक दुकान शोधत निघाली. बाजाराच्या मागच्या गल्लीत, पंक्चरवाल्याच्या शेजारी ते सापडलं. आत पाय ठेवताच सडक्या आमिषाचा असा भपकारा आला की धुलाईखान्यात मुरलेलं तिचं नाकही मागे हटलं. दुकानदार लठ्ठ, बनियनवर, काडीने कान कोरत बसलेला. काडीवर निघालेला ऐवज त्याने उजेडात धरून नीट पाहिला आणि मग तिच्याकडे पाहिलं.

“काय पाहिजे?”

“रीळ. डाव्या हाताने फिरेल, तुटणार नाही आणि पेन्शनीत बसेल असं.”

“मासा केवढा?”

हा प्रश्न तिला आतापर्यंत कुणी विचारला नव्हता. तिने दोन्ही हातांनी माप दाखवलं. नवऱ्याने घरी आणलेला सगळ्यात मोठा मासा तेवढा होता. मग तिने सगळं सांगितलं. त्याने च् च् केलं नाही.

“म्हणजे काठी टेकूत उभी राहणार आणि हा बाबा डाव्याने ओढणार,” तो म्हणाला. बाकाखाली वाकून त्याने धुळीने भरलेलं एक खोकं ओढलं, तोंडाने फुंकलं. धूळ तिच्या चेहऱ्यावर आली. “हे बघा. राखेच्या रंगाचं आहे, कुणी बघत नाही. बेअरिंग चारच, पण आहेत ती खरी. दांडी धातूची. मूठ मोठी, घामाने सटकत नाही. दांडी ह्या बाजूला बसते, त्या बाजूलाही बसते.”

तिने पुन्हा उजवा हात पाठीमागे बांधला आणि फिरवलं. आवाज नव्हता. दांडी हलवून पाहिली. खुळखुळ नव्हती.

“नुसत्या फिरवण्यावर जाऊ नका, बाई. रिकामी गाडी कुणीही चांगली चालवतो.” त्याने रीळ एका काठीवर चढवलं, काठी बाकाच्या फटीत रोवली, दोऱ्याचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि तो गल्लीत चालू लागला. “ओढा! मी मासा!”

त्याने हिसका दिला. रिळाची पुढची चकती किर्रर्र करत फिरली, दोरा सुटत गेला, पण तुटला नाही. “हा ब्रेक! आता थोडा आवळा आणि ओढा!”

तिने डाव्या हाताने चकती आवळली. तो बनियनवरचा प्रचंड मासा पंक्चरवाल्याच्या टायरांना धडकत, शिव्या खात, गल्लीतून मागे मागे येऊ लागला. दंड भरून आला, तरी तिने थांबून दम घेतला नाही. तो उंबऱ्याशी आला तेव्हा तिला हसू फुटलं. कितीतरी दिवसांत ती हसली नव्हती.

“हाच ब्रेक लाल रिळात कागदासारखा असतो,” तो धापा टाकत म्हणाला. “मोठा मासा लागला की दोरा तरी तुटतो, नाहीतर माणूस.” किंमत सांगून तो परत कान कोरायला बसला. पैसे घेताना त्याची बोटं चिकट लागली. तिने हात पुसले नाहीत.

रविवारी ती नवऱ्याला घेऊन तळ्यावर गेली. रिक्षावाल्याने हात देऊन त्याला काठावरच्या दगडी बाकावर बसवलं. तिने लोखंडी टेकू मातीत ठोकला. पाण्यावर तेलाचा तवंग होता, कडेला बाटल्या आणि एक चप्पल तरंगत होती. ह्या घाणीपायी हा माणूस आयुष्यभर सुट्ट्या घालवत आला? तिने नाक मुरडलं. पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

त्याने काठी गुडघ्यांत धरली, डाव्या हाताने रिळावरची दोरा अडवणारी तार उघडली आणि गळ फेकला. गळ समोरच पडला. पुन्हा फेकला. तिसऱ्यांदा दोरा हवेत लांब गेला आणि पिठाची गोळी तवंगाच्या पलीकडे डुबुक्कन बुडाली. मग त्याने काठी टेकूत उभी केली.

ऊन चढलं तेव्हा काठी वाकली.

तो उठू पाहत होता, उठता येईना. बसल्या जागीच दांडी धरली. चकती किर्रर्र करू लागली. त्याने माशाला जाऊ दिलं. थांबला, मग ओढलं, मग परत जाऊ दिलं. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. ती पुसायला तिने रुमाल काढला आणि तसाच हातात ठेवला. मासा काठाजवळ आला, पांढरं पोट एकदा उलटं चमकलं, आणि दोरा सैल पडला. गळाला नुसतं एक खवलं राहिलं होतं.

पलीकडे बसलेला एक सद्गृहस्थ लगबगीने आला. त्याच्या बादलीत पाच-सहा मासे तडफडत होते. त्यातला एक शेपटीला धरून त्याने पुढे केला. “घ्या, काका. रिकाम्या हाताने घरी नका जाऊ. काकूंना बरं वाटेल.”

नवऱ्याने मान वर केली. ओठ वाकडे झाले, गळ्याची शीर ताठली.

“नको,” तो म्हणाला. स्पष्ट.

“अहो, संकोच कसला—”

“नको म्हणाले ते,” ती म्हणाली. सद्गृहस्थ मासा बादलीत टाकून चालता झाला.

निघायची वेळ झाली. त्याने दातांनी दोरा तोडला, गळ टोपीच्या कडेला अडकवला आणि उरलेला दोरा शेवटपर्यंत गुंडाळला. काठीवरून रीळ काढायला ती पुढे झाली, तर त्याने कोपराने तिला बाजूला सारलं. काठी गुडघ्यांत आवळून त्याने डाव्या हाताने रीळ काठीला आवळून धरणारी रिंग फिरवायला घेतली. रिंग उलटीच आवळली गेली. काठी निसटली. त्याने ती परत उचलली.

वेळ लागणार होता. रिक्षावाला येऊन रस्त्यावर भोंगा वाजवत होता. तिने हाताने त्याला थांब म्हणून खूण केली, आणि नवऱ्याकडे पाठ करून, जणू पाण्यात काही बघायचंच आहे अशी, तळ्याकडे तोंड करून उभी राहिली.