लेस दिसली पाहिजे

वाइओलाने उजेडाची पट्टी डावीकडे ओढली, तशी पडद्यावर झग्याच्या कॉलरची लेस उमटली आणि पोरीचा चेहरा मात्र राखेसारखा झाला.

"एक धड करावं तर दुसरं बिघडतं," मागून सिआओसी काका म्हणाला. फोटोचं दुकान त्याचं, हात पुतणीचे. "चेहरा ठेव, कपडे जाऊ देत. आई पोरीचं तोंड बघेल की शिलाई?"

"लेस दिसली पाहिजे," बाकावरून नातिया म्हातारी म्हणाली. "धागा न् धागा."

पांढऱ्या रविवारी, म्हणजे मुलांच्या सणाला, आपिया गावातली झाडून सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत चर्चपुढे उभी राहतात, तीही भर उन्हात. म्हातारीच्या नातीचा, लूसीचा, फोटो तिथलाच. तो ऑकलंडला जायचा होता, लूसीच्या आईकडे. ही आई म्हणजे लोसा, म्हातारीचीच लेक. ती म्हातारीचा फोन उचलत नव्हती, निरोप वाचत नव्हती. दुकानातून पोरीचे फोटो गेले की तेवढे मात्र उघडायची. लेकीपर्यंत पोचायला म्हातारीला ही एवढीच फट उरली होती.

"नुसत्या कॉलरचा जवळून काढू का, आजी?" वाइओलाने विचारलं.

"नको. पोरीच्या गळ्यात दिसू दे. नुसती लेस काय, बाजारातही मिळते."

वाइओलाने दुसरा प्रोग्राम उघडला. काकाने कपाळाला हात लावला.

"एका जेवणाला दोन स्वयंपाकी. मीठ दोनदा पडणार बघ."

"एकाला तारोचा कंद जमतो, एकाला मासा. तुम्ही गुमान जेवा."

पहिला प्रयत्न फसलाच. लेस सावरलेलं तयार चित्र तिने दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेलं, पण चेहऱ्याचा रंग तिथवर पोचलाच नव्हता. उजळावा तितका तो फटफटीत होत गेला. काका पुढे वाकून बघू लागला.

वाइओला मूळ रॉ फाइलवर परतली. ती न धुतलेल्या निगेटिव्हसारखी असते, एवढं काकाला ठाऊक होतं. ती हवी तितक्यांदा नव्याने धुता येते, हे त्याला आत्ता उमगलं. एका प्रोग्राममध्ये तिने ती फक्त झग्यासाठी धुतली. दुसऱ्यात तीच फाइल फक्त चेहऱ्यासाठी धुतली, आणि गालांवर तांबूस जान आली. मग दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून, गळ्याच्या कडेने हलक्या हाताने वरचं पुसून खालचं उघडं केलं.

सांधा कुठे आहे ते काकाने चष्मा लावून शोधलं. सापडला नाही. त्याचा उभा जन्म अंधाऱ्या खोलीत फोटो धुण्यात गेला होता, पण असं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. पुतणीचा त्याला फार अभिमान वाटला. तो चष्मा पुसत बसला.

नातिया उठून पडद्याशी आली. तिने लेसवर बोट ठेवलं.

"ही लोसाच्या लग्नाच्या झग्याची. नवऱ्याला सोडून ती गेली, तेव्हा आमच्या ह्यांनी झगा जाळला. मी बघत उभी होते, एवढंच तिच्या कानावर गेलं. कॉलर मी आदल्याच दिवशी उसवून लपवली होती. पण सांगू कुणाला? ऐकायला ती फोनवर तर यायला हवी."

वाइओलाने फोटो पाठवून दिला. म्हातारी बाकावर परतली, पण घरी जायचं नाव घेईना. काकाने दिलेला कोको ती तशीच हातात धरून बसली.

मग दुकानाच्या फोनवर उत्तर आलं. वाइओलाने ते मनात वाचलं, आणि मग मोठ्याने:

"'लूसी गोड दिसते. कॉलर मोठी करून पाहिली. आई तिथे असेल तर तिला म्हणावं, उठू नको, मी फोन करतेय.'"

नातियाने कोको बाजूला ठेवला आणि होती तिथेच नीट सावरून बसली.