धुतलेली काठवट

मित्रांनो, मला कधीही कोणी धुतलेले नाही, हे मी आयुष्यभर मोठ्या तोऱ्यात सांगत आले. आता तसे सांगता येत नाही. मी एक जुनी काठवट आहे, पावाचे पीठ भिजवायची. मी पसरट नाही, बादलीसारखी उभी आहे. पाइनच्या फळ्या गोल जोडून त्यांच्याभोवती झुडपाच्या चिवट फांद्यांच्या कड्या आवळल्या की मी तयार झाले.

न धुणे ही आमच्या पूर्व फिनलंडमधली रीत आहे. शनिवारचे पाव भट्टीत गेले की बाई हाताने माझा तळ खरवडते, कडेला थोडे पीठ मुद्दाम चिकटलेले ठेवते, वर मीठ भुरभुरते आणि फडके झाकते. ते पीठ माझ्या फटींत वाळून बसते. पुढच्या खेपेला कोमट पाणी आणि राय नावाच्या धान्याचे काळपट पीठ पडले की ते जागे होते आणि सकाळपर्यंत सगळा गोळा फुगून वर येतो. तेच आमचे विरजण. काठवट धुतली तर विरजण मेले. म्हणून गावातल्या बायका नवऱ्याचा कोट वापरायला देतील, पण काठवट देणार नाहीत. परक्या घरी गेली की काठवट रुसते, असे त्या म्हणत. खरे सांगू? मी रुसत असे.

मला बनवले ते माझ्या पहिल्या मालकिणीच्या, इंपीच्या, वडिलांनी, लादोगा सरोवराच्या काठी. इंपीच्या आईने माझ्यात पहिले विरजण घातले आणि लग्नात मी इंपीबरोबर सासरी गेले. पुढे लढाई झाली, सरहद्द सरकली आणि आमचे गाव पलीकडे राहिले. घरे सोडून निघावे लागले. घोडागाडीत जागा थोडी आणि माणसे फार. इंपीने मला मांडीवर घेतले, तेव्हा तिची सासू ओरडली, "अगं, तो ओंडका कशाला? भिंतीवरचं घड्याळ घे!"

"घड्याळ भूक लागल्याचं सांगेल, आत्याबाई. खायला नाही घालणार," इंपी म्हणाली आणि तिने माझ्यावर आपली शाल पांघरली.

नव्या गावात, नव्या तळ्याकाठी, परक्या घरातल्या भट्टीत तिने पहिला पाव भाजला. तो तोंडात घालून म्हातारे लोक रडले. आपल्या गावची चव आहे, असे म्हणाले. ती चव माझ्या फटींतून आली होती. एवढे कौतुक झाल्यावर कुणाच्या डोक्यात हवा जाणार नाही?

इंपीला पावाची कड फार आवडे. गरम कड, तिच्यावर वितळणारे लोणी. पहिली कड तिची, हे घरात ठरलेलेच होते. वय झाले तसा तिला साखरेचा आजार जडला. आधी पायाचा अंगठा काढावा लागला, मग गुडघ्याखालचा पाय. तरी शनिवारचा नेम तिने मोडला नाही. खुर्चीत बसून, मला गुडघ्यांमध्ये धरून ती मळत असे. पीठ मळताना तिचा लाकडी पाय माझ्या अंगावर आपटायचा. तो टकटक आवाज मला सवयीचा झाला होता. त्याचा अर्थ काय, हे मी कधी मनात आणले नाही.

इंपी गेली आणि मी तिच्या मुलीकडे आले. हिल्का तिचे नाव. शाळेच्या स्वयंपाकघरात ती मुलांचे जेवण रांधायची. अंगाने भरभक्कम, हाताने सढळ, हसली की खांदे हलायचे. तिचा नवरा उर्पो जंगलात लाकूडतोडीला जायचा. तो काठीसारखा वाळका. जन्मभर माझ्या पिठाचे पाव खाऊनही त्याच्या अंगाला मूठभर मांस लागले नाही. हिल्काला मात्र आईचा आजार मिळाला.

एका हिवाळ्यात जाड लोकरी नमद्याच्या बुटाने तिची टाच घासली. तिला ते कळलेही नाही, कारण तळव्यांना बधिरपणा आला होता. मोजा काढताना रक्त दिसले. बर्फ वितळला, तळे मोकळे झाले, तरी जखम भरेना. दवाखान्यात सांगितले की साखर फार वाढली आहे, असेच राहिले तर गोळ्या पुरणार नाहीत. त्या संध्याकाळी हिल्का टेबलाशी बसून आपल्या टाचेकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे कोणाचा पाय होता ते मलाही समजले.

त्या वर्षी आमच्याकडे एका पथ्याची लाट आली होती. पाव, बटाटा, साखर बंद. मासे, अंडी, लोणी, भाज्या चालू. उर्पोची बहीण लाइला हिने हे पथ्य केले होते आणि तिच्या जुन्या कोटात आता दोन लाइला मावल्या असत्या. एका रविवारी ती कॉफीला आली.

"पाव सोड, हिल्का. मी सोडला आणि माझे गुडघे दुखायचे थांबले."

"लोणी खायचं म्हणतेस," उर्पो मध्येच बोलला, "मग पाव नसेल तर ते लावायचं कशाला?"

"चमच्याला."

"म्हणजे आता चमचा चाटायचा! मांजरीला तरी लाज असते."

"तू गप रे. तुला पाव खाऊन काही होत नाही, म्हणून तुझी जीभ चालते. तिची टाच बघितलीस का?"

उर्पोने कॉफीचा कप खाली ठेवला. त्याने टाच बघितली होती.

हिल्काने ठरवले. भट्टीजवळची बटाट्याची पोती शेजाऱ्याला दिली. तळ्यातले मासे लोण्यात तळून कोबीबरोबर खाऊ लागली. पहिल्या आठवड्यात तिचे डोके दुखले आणि ती उगाच उर्पोवर खेकसली. पण तो पाव खाणारा माणूस, म्हणून शनिवारी ती त्याच्यासाठी मळायचीच. पाव भट्टीतून निघाले की घरभर तो वास सुटे. ती खिडकीशी जाऊन उभी राही, परत येई, आणि शेवटी कड कापून, उभ्यानेच, आमच्याकडे पाठ करून खाई. एक कड खाल्ली की दुसरी. मग रडे. मला तेव्हा काय वाटायचे सांगू? मला बरे वाटायचे. अजून माझ्याशिवाय हिचे चालत नाही, असे वाटायचे.

असे दोन-तीन शनिवार गेले. टाच तशीच ओली. मग एके दिवशी तिने फडके काढले, मला उचलले आणि तळ्याकाठच्या सौनाकडे चालू लागली. सौना म्हणजे आमची वाफेने अंघोळ करायची खोली. गरम पाण्याची टाकी तिथेच असते. उर्पोला अंदाज आला. तो मागून धावला.

"हिल्का, थांब! ती काठवट आईची आहे."

"आईचा पायही आईचाच होता," हिल्का म्हणाली.

उर्पो थबकला. त्याने हातातली टोपी पिळली आणि तो दारातच उभा राहिला.

तिने माझ्यात उकळते पाणी ओतले. साबण घातला. कडक ब्रशने फटीन् फट घासली. इंपीच्या आईने घातलेले, मांडीवर बसून सरहद्द ओलांडलेले ते विरजण करड्या पाण्याबरोबर मोरीतून तळ्याकडे वाहून गेले. घासताना हिल्का सारखी पुटपुटत होती, "माफ कर, माफ कर." ती मला म्हणत होती की आईला, ते मला कळले नाही. मी फार दुखावले, मित्रांनो. मला वाटले, माझे नाव आणि माझे काम दोन्ही संपले.

सौनाच्या बाहेरच्या खोलीत, जिथे कपडे काढून ठेवतात, तिथे कोपऱ्यात तिने मला पालथे घातले. घरात आता दुकानचा पाव येऊ लागला, पण तोही हिल्काने लवकरच बंद केला. साखर, जाम, सरबत, गोड पाव, सगळे कपाटातून बाहेर गेले. डोळ्यांसमोर असले की हात जातो, असे तिचे म्हणणे होते.

आणि मग मला एक नवीनच नोकरी लागली. एका दुपारी उर्पो हळूच आत आला. त्याने मला थोडे उचलले आणि खाली अर्धा पाव, वेलदोड्याचा एक गोड पाव आणि बेरीच्या दाट सरबताची बाटली सरकवली. रोज लाकडे फोडायला म्हणून तो यायचा, दोन घास खायचा, मिशीवरचे कण पुसायचा आणि मला पुन्हा पालथी घालायचा. ज्या घराला मी पिढ्यान् पिढ्या उजळ माथ्याने जेवू घातले, त्याच घरातला चोरीचा माल मी पोटाखाली घेऊन बसले होते!

हिल्का मात्र बदलत होती. सौनाला यायची तेव्हा दिसायचे. स्कर्टला पिन लावावी लागे. बाकावरून उठताना ती आता भिंतीला हात लावत नसे. एकदा ती बाकावर बसून टाच उजेडात धरून बघत होती. जखमेच्या कडा आत सरकल्या होत्या. "येतेय भरून," ती स्वतःशीच म्हणाली. माझा राग त्या दिवशी थोडा निवळला.

पण तिने एक चूक केली होती, आणि ती कोणालाच ठाऊक नव्हती. पाव सुटला, तरी साखरेच्या आजाराच्या गोळ्या ती पूर्वीएवढ्याच घेत होती. दवाखान्यात तिने पथ्याचा शब्दही काढला नव्हता. अधूनमधून तिला थरथर सुटे, घाम येई. पथ्याचे असेच असते, असे म्हणून ती ते अंगावर काढी.

उन्हाळ्यातला एक शनिवार. दुपारी ती जाळी ओढायला तळ्यात गेली होती आणि जेवण राहून गेले होते. त्यावर सौना. वाफेतून ती बाहेर आली ती भिंत धरून. बाकावर बसली. तिच्या अंगावरचा घाम थांबेना आणि हात असे कापत होते की टॉवेल धरता येईना. उर्पो मागोमाग आला.

"काय गं, फार वाफ घेतलीस?"

"गाडीत जागा नाही," हिल्का म्हणाली. "घड्याळ ठेवा खाली."

उर्पो तिच्याकडे बघतच राहिला. इंपीच्या शेवटच्या वर्षांत, सुईचे औषध जास्त झाले की तीसुद्धा अशीच घामाने भिजून भलतेसलते बोलायची. त्याने ते पाहिले होते.

"साखर उतरली तुझी! घरात साखरेचा कणसुद्धा ठेवला नाहीस, बाई!" असे ओरडत तो दाराकडे धावला, अर्ध्यातून परत फिरला, आणि त्याने मला दोन्ही हातांनी आडवे पाडले.

बाटलीचे बूच त्याने दातांनी काढले. "पी. पी म्हणतो ना! मग भांड माझ्याशी."

तिने त्याचा हात झटकला. थोडे सरबत सांडले. त्याने तिचे डोके छातीशी धरले आणि लहान मुलाला पाजावे तसे घोट घोट पाजले. दर घोटाला तो म्हणत होता, "शाबास, आणखी एक." मी आडवी पडून बघत होते. ती बाटली इतके दिवस माझ्या पोटाखाली होती, हे आठवून मला हायसे वाटले.

हळूहळू हिल्काच्या डोळ्यांत ओळख आली. तिने आजूबाजूला पाहिले. मी आडवी, शेजारी अर्धा पाव, वेलदोड्याचा गोड पाव.

"हे इथे कसं आलं?"

"काठवट रिकामीच होती," उर्पो म्हणाला.

"कधीपासून?"

"तू धुतलीस ना, तेव्हापासून."

हिल्काचे खांदे हलू लागले. ती हसत होती. मग हसता हसता रडू लागली. "मीही चोरच आहे रे. दवाखान्यातल्या सिस्टरना मी पथ्याचं सांगितलंच नाही. त्या नको म्हणाल्या असत्या, आणि मला थांबायचं नव्हतं. मला आईसारखं खुर्चीत बसायचं नाही, उर्पो."

"नाही बसणार तू खुर्चीत," तो म्हणाला. "पण उद्या मी फोन करतो. आणि मला पाव उघड्यावर खाऊ दे. त्या कोपऱ्यात वाकून वाकून माझी कंबर गेली."

दवाखान्यातून आल्यावर हिल्काने सगळे लाइलाला सांगितले, तेव्हा मी ऐकले. सिस्टर खूप रागावल्या होत्या. पथ्य करा, पण आम्हाला सांगून करा, गोळी तुमच्या जुन्या ताटाच्या बेताने दिली होती, असे त्या म्हणाल्या. त्यांनी गोळ्या कमी करून दिल्या. हे पथ्य सगळ्यांनाच मानवेल असे नाही, तेव्हा दुसऱ्याच्या ताटात नाक खुपसू नका, असेही त्यांनी बजावले. हे ऐकून लाइला जराशी फुरंगटली.

पानगळीपर्यंत टाच भरून आली. पण इकडे माझी दशा झाली होती. चोरीचा मालही गेला, कोणी हात लावेना. लाकडाला ओल मिळाली नाही की ते आकसते. माझ्या फळ्या सुटल्या, कड्या घसरल्या, उजेड आरपार दिसू लागला. आता चुलीत जाणार, असे मी धरून चालले होते.

एका सकाळी हिल्का आली. माझ्या फटींतून बोट फिरवून ती म्हणाली, "अगं, काय केलं मी तुझं!" तिने मला तळ्यात नेऊन बुडवले आणि दगड ठेवून तशीच सोडली. थंड पाणी फळ्याफळ्यांत शिरले. मी फुगले, कड्या आवळल्या, पुन्हा एकसंध झाले. मग तिने कोबी बारीक चिरला, मीठ आणि थोडे शहाजिरे लावून माझ्यात भरला आणि मुठीने दाबू लागली. काही दिवसांत कोबीला बुडबुडे आले. ती वाकली आणि तिने वास घेतला. तो आंबूस वास कोबीचा होता, की एखाद्या खोल फटीत इंपीचे काही उरले होते, हे मला सांगता येणार नाही.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. घरात कोणी ताटातले काही बाजूला सारत असेल, तर त्याला हसू नका. त्याला कशाची भीती वाटते ते विचारा. आपल्या शरीराचे काही करत असाल, तर लपवून करू नका. आणि काम सरलेले एखादे भांडे कोपऱ्यात वाळत असेल, तर त्याला एकदा पाणी दाखवा.

इंपी खुर्चीत बसून माझ्यात पीठ मळत असे. हिल्का कोबी दाबते ती उभी राहून, दोन्ही पायांवर.