साठचा शिक्का

"बॉनेटला हात लावायचा न्हाय! सांगून ठिवतो, रावजी!"

पणदऱ्याचे विजयसिंह तात्या आपल्या जुन्या जीपसमोर काठी आडवी धरून उभे होते. वय बहात्तर, फेटा कडक, आवाज त्याहून कडक. इंदापुरात जुन्या हायवेच्या कडेला रावजी मिस्त्रीचं दुकान. जीप-ट्रॅक्टरच्या इंजिनातले डिझेल पंप दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. तो फडक्याला हात पुसत दारात आला आणि बघतच राहिला. सव्वीस वर्षांनी हा माणूस त्याच्या दुकानी आला होता, आणि आल्या आल्या भांडायलाच उभा!

"तात्या, रस्त्यात ओरडू नका," त्यांची सून राजलक्ष्मी म्हणाली. ती बारामतीला शाळेत शिकवायची. जीप तिनंच चालवत आणली होती, तीही जीव मुठीत धरून, सावकाश. जीपच्या वेगाचा काटा कधीचाच बंद पडला होता. "मिस्त्रीकाका, तुम्ही पूर्वी गाड्यांचा वेग बांधून द्यायचात म्हणे. हिचा पन्नासला बांधून द्या. नाहीतर किल्ली माझ्या पर्समधून बाहेर येणार नाही."

"पर झालं काय?"

"गेल्या सोमवारी तात्या आत्यांकडं पळसदेवला निघाले होते. जीप थेट उसात! समोरचा कारवाला सांगतो, म्हातारा नव्वदनं आला."

"खोटं बोलतोय त्यो!" तात्यांची काठी जमिनीवर आपटली. "त्योच ट्रकला मागं टाकत माझ्या अंगावर आला. मी उसात घातली म्हणून दोघं जित्तं हाय."

"आणि माझी जीप शंभरनं पळते, हे अख्ख्या गावाला कोण सांगतं? तुम्हीच ना? मग त्याला खोटं कसं म्हणू?"

तात्यांनी उगाच फेटा चाचपला. रावजीला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोला!

कारण हीच ती जीप. एके काळी पंप दुरुस्तीला आलेली कुठलीही जीप रावजी साठला बांधून द्यायचा. पंपाच्या वेग ठरवणाऱ्या स्क्रूत तार ओवायची, तारेला शिशाचा मणी लावायचा आणि पकडीनं दाबून मण्यावर 'रा' उमटवायचा. स्क्रू फिरवायचा तर शिक्का फोडावाच लागे. हे खूळ त्यानं उगाच घेतलं नव्हतं. बारामती रस्त्यावर चुन्याची रेघ मारून त्यानं स्वतः ब्रेक दाबून पाहिले होते. रेघेवर ब्रेक दाबला की साठला जीप पुढं कडेला उभ्या केलेल्या उसाच्या बैलगाडीअलीकडं थांबत होती, ऐंशीला ती बैलगाडी ओलांडून जात होती. लोक कुरकुरायचे, पण रावजीचा शिक्का म्हटलं की बायका बिनघोर गाडीत बसायच्या.

मग एका आठवडी बाजारात विजयसिंह तात्यांनी चारचौघांत जाहीर केलं, "रावजीचा शिक्का? नखानं फोडला मी!" लोक खदाखदा हसले. दुसऱ्या दिवसापासून जो तो दारात येऊन म्हणू लागला, आमचाबी काढ. ज्या शिक्क्याला कुणी जुमानत नाही तो मारायचा कशाला? दर्शनी खिळ्यावरची पक्कड रावजीनं काढली आणि पेटीच्या तळाला टाकली. ती आजतागायत तिथंच.

"काका, माझी नवी कार काट्यावर एकशे ऐंशी दाखवते," राजलक्ष्मी म्हणाली. "तेवढा रस्ता तरी आहे का आपल्याकडं? कंपनीनंच का नाही बांधून देत?"

"कंपनी गाडी किती पळती ते सांगती, बाई. थांबायला किती जागा खाती ते कुणी सांगत न्हाय."

"म्हंजी कंपनीच्या इंजिनेराला अक्कल न्हाय आन तुला हाय, व्हय रं?" तात्या उसळले. "अक्कल पायात पायजे, पायात!"

"पायात अक्कल असती तर ब्रेक कशाला दिला असता? सरा बाजूला."

रावजीनं काठी हातानं दूर केली आणि बॉनेट उघडलं. तात्यांनी मान फिरवली.

आत तेल आणि धुळीचा बोटभर थर बसला होता. रावजीनं फडकं डिझेलात बुडवून पंप पुसायला घेतला. तार हाताला लागली. तारेला मणी लागला. त्यानं चष्मा पुसला, वाकला, पुन्हा पुसला.

मण्यावर 'रा' होता. अख्खा. साधा ओरखडाही नाही.

रावजीच्या हातून फडकं गळालं. अख्ख्या इंदापूरला ओरडून सांगावं असं त्याला वाटलं. पण वर बघतो तर तात्या त्याच्याकडं बघत होते, आणि त्या डोळ्यांत आज पहिल्यांदाच विनवणी होती.

"गप बस, रावजी," ते पुटपुटले. "सूनबाईम्होरं नको."

"गप बसू?" रावजी फणकारला. "सव्वीस वर्षं, तात्या! तुमच्या त्या एका बातेपायी पक्कड पेटीत घातली मी. आरशात बघायची लाज वाटली मला. आन हितं..." त्यानं पंपाकडं बोट केलं.

"काय झालं?" राजलक्ष्मीनं विचारलं.

रावजी पेचात पडला. सांगितलं तर जन्मभर जपलेला तात्यांचा तोरा बाजारात उतरेल, न सांगावं तर किल्ली जाईल. निवाडा त्यानं तात्यांवरच सोडला.

तात्यांनी काठी जीपला टेकवली. मग फेटा सारखा केला आणि छाती पुढं काढून म्हणाले, "सूनबाई, हिकडं ये. बघ. ह्यो रावजीचा साठचा शिक्का. फोडल्याबिगर ही जीप साठाच्या वर जातच न्हाय. कवा गेलीबी न्हाय."

"अहो, मग ते शंभर?"

"बाता! सगळ्या बाता!" तात्या ओरडले, आणि मग आवाज खाली आला. "फोडायला बसलो हुतो. स्क्रूड्रायव्हर लावला. तुझी सासू यशराजला, तुझ्या नवऱ्याला, कडंवर घिऊन आली. म्हनली, फोडा, पर पैल्यांदा आमा दोघांना बसवून पळवा. हातच चालंना माझा. पर दोस्तांला काय सांगू? बायकूपुढं हात मागं घेतला म्हनून?"

"म्हणून कधी कुणाला पंप उघडू दिला नाहीत?"

"जीप धूर वकती, पर न्हाय दिला. हळू का चालवता म्हनून कुणी इचारलं की सांगायचो, आज सूनबाई बसलीय."

राजलक्ष्मी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. आठ दिवस हा माणूस खरं बोलत होता आणि घरात कुणीच ऐकलं नव्हतं. तिनं पर्स उघडली आणि किल्ली तात्यांच्या हातात दिली. "चुकलं माझं, तात्या."

"पन्नासला करू, बाई?" रावजीनं विचारलं.

"नको, काका. आहे तोच राहू दे."

तात्या जीपमध्ये बसायला निघाले, पण अर्ध्यातून परतले. रावजीचे तेलकट हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतले. "पुढच्या बाजारी येतो. त्याच जागी हुबा राहून सांगतो, शिक्का फुटला न्हाय म्हनून."

"लोक हसतील तुमाला."

"हसू देत. तवा तुला हसलं, आता माझी पाळी."

जीप धूर सोडत रस्त्याला लागली. मागून एका कारनं हॉर्नचा नुसता भडिमार लावला. तात्यांनी खिडकीतून हात काढला आणि राजासारखं तिला पुढं जायला सांगितलं. रावजी दारात कान देऊन उभा होता. इंजिनाचा आवाज चढत गेला, चढत गेला आणि एका जागी स्थिर झाला. पुढं इंचभर नाही.

"साठ," तो मोठ्यानं म्हणाला.

मग त्यानं पेटीच्या तळातून पक्कड काढली, पुसली आणि दुकानाच्या दर्शनी खिळ्यावर टांगली. सव्वीस वर्षांत त्या खिळ्यावर त्यानं दुसरं काहीच टांगलं नव्हतं.