घंटी सोडून सगळं

"आधी आरसा लावा," सायकल स्टँडवर घेता घेताच ती म्हणाली. "मागचं नीट दिसलं पाहिजे."

सायकलवाला मोठा बोलघेवडा. त्याच्या दुकानात पंक्चर निघायला जितका वेळ लागायचा, त्याच्या दुप्पट गप्पांना. "अहो बाई, लोक आधी दिवा मागतात. तुमच्या मागून एवढं कोण येतंय?"

त्याने आपलं गमतीत विचारलं. तिने मात्र चटकन मागे वळून पाहिलं. कारण मागून कोणीतरी येत होतंच.

सायकल तिच्या सासऱ्यांची. त्यांना सगळी आळी नाना म्हणायची. ते जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून सायकल घरामागे गोणपाटाखाली उभी होती. सून इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. कामगारांची ने-आण करणारी गाडी बंद झाली आणि पायी जाता जाता तिला रोज उशीर व्हायला लागला. मुकादम बाईंनी एकदा ऐकून घेतलं, दोनदा ऐकून घेतलं, मग सरळ सांगितलं, वेळेवर ये नाहीतर येऊ नकोस. नवरा लांबच्या कामावर, घरी सासू आणि दोन वर्षांची पोर. नोकरी गेली तर चूल कशावर पेटणार? शेवटी सासूच म्हणाली, "त्यांची सायकल नुसती गंजत पडलीय. ने की ती." आता नाही म्हणायला तोंड हवं ना! खरं कारण सांगायची तर सोयच नव्हती.

खरं कारण घंटीत होतं.

बर्फाच्या कारखान्याची उंच भिंत संपते तिथे रस्ता एकदम वळतो. समोरून कोण येतंय ते दिसत नाही. नाना त्या वळणावर तीन वेळा घंटी वाजवायचे. घर तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे घंटी ऐकली की सासू चहा टाकायची. आणि तान्ही पोर दचकून उठायची, ती उठायचीच. पोरीला दात येत होते, सुनेच्या डोळ्याला रात्र रात्र डोळा नाही, वर दिवसभर इस्त्रीपुढे उभं राहायचं. एका संध्याकाळी तिचं डोकं फिरलं. निळ्या काठाची फाटकी चादर होती, तिची चिंधी फाडून तिने नानांच्या घंटीत खालून कोंबली. एक दिवस तरी झोपू दे लेकराला, बस! कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्या वळणावर टेम्पो आला.

टेम्पोवाला जमलेल्या लोकांपुढे रडत रडत सांगत होता, "घंटी नाहीच वाजली हो! म्हातारा नुसता तोंडाने काहीतरी ओरडत होता." लोक म्हणाले, आता काय वाटेल ते सांगेल. सुनेच्या काळजात मात्र पहिलं वाक्य जे रुतलं ते रुतलंच. दुसऱ्याकडे तिचं लक्षही गेलं नाही. पुढे सायकलचं चाक बदललं, हँडल सरळ केलं, पण घंटीला हात लावायला ती धजावली नाही. चिंधी आत तशीच राहिली.

आणि आता सायकल बाहेर काढली त्या पहिल्या संध्याकाळी सासू दारातच उभी. "घंटी ऐकली, म्हणून चहा टाकला."

मुक्या घंटीचा आवाज ऐकला म्हणे! सासूने दोन कप भरले. एक सुनेपुढे ठेवला, दुसऱ्यावर बशी झाकली. रात्री तो गार चहा तिने ओतून टाकला. मग हे रोजचंच झालं. सुनेला वाटलं, म्हातारं माणूस आहे, होतो भास. पण चार दिवसांपूर्वी वळणाशी उतरून ती सायकल हातात धरून चालत होती, आणि तिच्या पाठीमागे घंटी वाजली. एक, दोन, तीन. वळून बघते तर रस्ता मोकळा.

सायकल सोडावी तर नोकरी जाणार, चालवावी तर वेड लागणार. म्हणून ती दुकानात आली होती. आरसा, दिवा, काय लागेल ते लावू, पण भीती घालवू. फक्त घंटीला कोणी हात लावायचा नाही.

"डायनॅमो देऊ?"

"नको, पेडल जड होतं. बॅटरीचाच द्या. आणि मागे लाल दिवा, लांबून दिसेल असा."

"पुढे टोपली?"

"टोपली नको, हँडल ओढते. डबा मागे कॅरिअरवर बांधीन. साखळीवर झाकण मात्र घाला, रोज कपड्यांना काळं लागतं."

"वा! दुकान तुम्हीच चालवा," सायकलवाला खूश झाला. "आणि ही घंटी? वाजत नाहीय."

"घंटी राहू दे."

"अहो, हजार वस्तू लावल्या आणि घंटी बंद, तर—"

"राहू दे म्हटलं ना!" ती केवढ्यांदा तरी ओरडली. ती शरमून रस्त्याकडे बघत बसली. तो कामाला लागला. दिव्याची पट्टी बसेना म्हणून त्याने घंटी जरा सरकवायला घेतली, आणि जन्माची खोड, वरची वाटी फिरवून काढलीच. "अरेच्चा! हिच्या तोंडात कोणी बोळा घातलाय?"

ती उठली. तिला वाटलं, झालं, आता सगळं उघड्यावर आलं. निळ्या काठाची चिंधी तिथे होती. पण ती तिने कोंबली होती तशी नव्हती. नीट घडी करून आतल्या चाकांवर बसवलेली, आणि वरून ट्यूबच्या रबराची पट्टी दोन वेढे देऊन घट्ट आवळलेली, टोक तिरकं कापलेलं.

तिरकं टोक! घरात बादलीच्या कडीला तसंच होतं. चष्म्याच्या दांडीला तसंच. पोरीच्या पाळण्याच्या दोरीलासुद्धा. नाना मोडलेली प्रत्येक वस्तू अशीच बांधायचे.

"तुम्ही घातला होता का हा?" सायकलवाल्याने विचारलं.

"चिंधी माझी," ती म्हणाली. "बांधली त्यांनी."

तिची चिंधी तर पहिल्याच खड्ड्याला गळून पडली असती. नानांनी ती पाहिली, वाटी उघडली, आणि काढून फेकायची सोडून पक्की केली. नातीची झोप मोडू नये म्हणून! आणि मग टेम्पोवाल्याचं ते दुसरं वाक्य तिला दीड वर्षांनी ऐकू आलं. म्हातारा तोंडाने ओरडत होता. पाळण्याशी बसून पोरीला हसवायला नाना तोंडाने घंटी वाजवायचे, तशीच वळणावर वाजवत होते ते. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग.

"अहो, एवढं शहाणपण केलंत ते कशाला? काढून टाकायची होतीत ना!" ती त्या घंटीवरच ओरडली आणि हमसून हमसून रडायला लागली. सायकलवाल्याने घाईघाईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"साफ करून द्या," डोळे पुसत ती म्हणाली. "वाजली पाहिजे."

येताना ती वळणाशी उतरली नाही. आरशात मागचा रस्ता दिसत होता, त्यावर कोणी नव्हतं. तिने अंगठा दाबला. एक, दोन, तीन. भिंतीवर आपटून आवाज घरापर्यंत गेला असणार.

सासू दारात होती. चहा तयार होता, पण कप एकच.

"आई, दुसरा?"

"तुझी घंटी ऐकली ना," सासू म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. "त्यांची आज आलीच नाही गं."

सून कप हातात घेऊन उंबऱ्यातच बसली. पोर येऊन मांडीवर चढली. चार दिवस ज्या आवाजाच्या भीतीने तिचा जीव अर्धा झाला होता, त्याच्यासाठी ती आता वळणाकडे कान लावून बसली होती. सासूही शेजारी येऊन टेकली. चहा गार झाला तरी दोघी उठल्या नाहीत. वळणावरून माणसं येत होती, जात होती. घंटी मात्र कोणाचीच वाजली नाही.