वाचलेला वेळ आणि मेणाचे दात

आईची कवळी रविवारपर्यंत काही झाली नाही. पण शुक्रवारी सकाळी कवळ्या बनवणारा टेबलावर वाकून मेणात एकेक दात बसवत होता, तेव्हा हे त्याला माहीत नव्हतं. त्यामुळे आपणही माहीत नसल्यासारखंच वागू.

दात त्याच्या आईचे होते, म्हणजे होणार होते. रविवारी तिची धाकटी बहीण येणार होती. दोघींमध्ये कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं, आणि आता कुठे जुळत आलं होतं. आईने अट मात्र घातली होती. धाकटीसमोर बोळकं घेऊन बसणार नाही. कवळी झाली तर भेट, नाहीतर फोन करून ‘येऊ नकोस’ म्हणून सांगायचं.

दवाखान्यांच्या कवळ्या वेळेवर देणारा म्हणून त्याचं नाव होतं. घरच्या कवळीचे साचे मात्र कधीचे फडताळात पडून होते. याला कारण शिस्त. त्याने मोबाइलमध्ये दिवसाचे रंगीत चौकोन पाडले होते, कामाचे निळे आणि घरच्यांचे पिवळे, आणि आईची कवळी वाचलेल्या वेळात करायची असं ठरवलं होतं. वेळ रोज वाचत होता. मोबाइल त्याबद्दल रोज संध्याकाळी त्याचं अभिनंदनही करायचा.

“मग वाचलेला वेळ ठेवतोस कुठे?” बायकोने एकदा ताटं मांडता मांडता विचारलं.

तिने मारला होता टोमणा, पण त्याला तो प्रश्न वाटला, आणि चांगला वाटला. एक दिवसभर तो स्वतःच्याच मागावर राहिला. वाचलेला वेळ उद्याचे चौकोन आखण्यात जात होता. हे कळल्यावर त्याने आखणीसाठी एक वेगळा चौकोन आखला.

आता नमुना तेवढा तपासायचा होता. मेणातले दात आईच्या तोंडात घालायचे, तिला बोलायला लावायचं, कुठे अडतात ते पाहायचं, आणि मग मेणाच्या जागी पक्कं साहित्य भरायचं. शनिवारी दुपारी ‘नमुना तपासणे’ असा निळा चौकोन होता आणि त्याला लागूनच ‘आईबरोबर चहा’ असा पिवळा. दोन्हींकडे बघता बघता त्याला सुचलं. एकत्र करू. चौकोन हिरवा झाला आणि पुन्हा वेळ वाचला.

आईने मेणाचे दात घालून चहा घेतला, चांगला वाफाळता. निवेपर्यंत थांबायला हिरव्या चौकोनात जागा नव्हती. पहिल्या घोटाला तिने बरे बसलेत म्हणून सांगितलं. धाकटी लहानपणी कशी चुगल्या करायची हे ती रंगात येऊन सांगू लागली, आणि ऐकता ऐकता त्याला दिसलं की तिचे पुढचे दोन दात एकमेकांकडे पाठ फिरवून उभे आहेत.

“काहीतरी चालतंय रे आत,” आई म्हणाली.

मेण गरम पाण्यात धरलं की मऊ होतं. हे ज्ञान त्याला होतं. रोज सकाळी तो तेच करायचा.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने दात बशीत काढून ठेवले, कप बाजूला सारला आणि धाकटीला फोन लावायला सांगितलं. रात्रीपर्यंत लावला. तिने उचलला नाही.

रविवारी बेल वाजली तेव्हा आई तोंडावर हात धरूनच दार उघडायला गेली. दारात मावशी होती, खांद्याला पिशवी आणि तोंडात लखलखीत दात. तिने ताईच्या हाताकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, पाठ न वळवता आपली कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि पिशवीत टाकली.

“टोचते मेली,” ती म्हणाली. “फोटोपुरती घेतलीय.”

आईचा हात खाली आला.

भांडण नेमकं कशावरून झालं होतं हे ठरवण्यातच दुपार गेली, कारण दोघींच्या आठवणीतली भांडणं वेगवेगळी होती. दोघींच्या तोंडात मिळून एकही दात नव्हता. कवळ्या बनवणाऱ्याला त्यांचं निम्मं बोलणं कळलं नाही. त्या दोघींना सगळं कळत होतं, आणि हे कसं होतं ते बघत तो तिथेच बसून राहिला. मोबाइल वाजला तेव्हा त्याने तो उशीखाली सरकवला.

मावशीला मुक्काम करता येणार नव्हता. घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता आणि रात्री त्याच्यापाशी दुसरं कुणी नव्हतं. शेवटची बस सुटायच्या वेळेला कवळ्या बनवणारा मावशीची पिशवी घेऊन स्टँडकडे पुढे धावला. मागून दोघी येत होत्या. दर चार पावलांवर थांबून काहीतरी आठवत होत्या, आणि ते चालता चालता सांगण्यासारखं नव्हतं.

इंजिन सुरू झालं होतं. बस जरा थांबवा म्हणून त्याने विनवलं, तर चौकशीच्या खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, काय असेल ते लेखी द्या. त्याने कागद मागून घेतला, कट्ट्यावर टेकवला आणि सावकाश, चांगल्या अक्षरात लिहायला घेतलं.

“मा. आगारप्रमुख यांस,

विषय : शेवटची बस थांबवून ठेवण्याबाबत.

महोदय,

सदर बसच्या एक प्रवासी व त्यांच्या थोरल्या भगिनी यांचे बोलणे अद्याप पूर्ण झालेले नाही. तरी ते पूर्ण होईपर्यंत बस फलाटावरच उभी ठेवण्यात यावी. त्यामुळे होणारा विलंब अर्जदाराने आजवर वाचवलेल्या वेळातून वळता करून घ्यावा. सदर वेळ नेमका कोठे जमा आहे याची अर्जदारास माहिती नाही. तो आपल्या कार्यालयाने शोधून घ्यावा, ही विनंती.”